वाट चुकलेले रक्त आणि बालकांचे यकृत : शस्त्रक्रियेविना उपचार शक्य

ओठ व नखे निळसर पडलेले, थोडे खेळताच धाप लागणारे मूल पाहिले की पालकांना पहिली शंका येते ती हृदयविकाराची. मात्र हृदयाची रचना निर्दोष आढळूनही लक्षणे कायम राहिल्यास मूळ दोष यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत असू शकतो. अशा जन्मजात दोषांपैकी एक म्हणजे ‘ॲबरनेथी विकृती’. लंडनचे शल्यविशारद जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले.

दोष नेमका कोणता?

आतडी आणि प्लीहेतील रक्त पोर्टल शिरेवाटे यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त याच मार्गाने पोहोचते आणि अमोनियासारखी घातक द्रव्ये तेथे निष्प्रभ होतात. गर्भावस्थेतील अनावश्यक जोडमार्ग बुजले नाहीत, तर हे रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत मिसळते.

याचे परिणाम दूरवर उमटतात. रक्तातील वाढलेल्या अमोनियामुळे मूल सुस्त किंवा चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते आणि त्याच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो. काहींच्या फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्या रुंदावून रक्तातील प्राणवायू घटतो, तर काहींच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो. यकृतात गाठीही होऊ शकतात. डॉप्लर सोनोग्राफी व सीटी अँजिओग्राफीद्वारे निदान करता येते.

उपचार कसा होतो?

मान किंवा जांघेतील शिरेतून बारीक नळी चुकीच्या जोडमार्गापर्यंत नेली जाते. प्रथम फुग्याने तो मार्ग तात्पुरता बंद करून पोर्टल शिरेतील दाब मोजतात. दाब सुरक्षित मर्यादेत राहिल्यास तारेच्या जाळीचे बूच, म्हणजेच ‘व्हॅस्क्युलर प्लग’, बसवून मार्ग कायमचा बंद केला जातो. दाब फार वाढल्यास मार्ग आधी अरुंद करतात आणि यकृतातील शाखा पुरेशा विकसित झाल्यावर तो पूर्ण बंद करतात.

यकृतात पोर्टल शाखा दिसत नसल्यास पूर्वी प्रत्यारोपण हाच पर्याय मानला जाई. आता फुग्याच्या चाचणीत दडलेल्या सूक्ष्म शाखा अनेकदा उघड होतात आणि अशा बालकांचे स्वतःचे यकृत वाचू शकते. मात्र प्रत्येक जोडमार्ग या पद्धतीने बंद होत नाही. काहींना दुर्बिणीद्वारे किंवा खुली शस्त्रक्रिया, तर मोजक्यांना प्रत्यारोपण करावे लागते. उपचारानंतर गुठळी होऊ नये म्हणून औषधे आणि नियमित सोनोग्राफी आवश्यक असते.

यकृताच्या आतील काही लहान जोडमार्ग पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. त्यामुळे लक्षणे नसलेल्या तान्ह्या बाळांबाबत देखरेख पुरेशी ठरू शकते. इतरांबाबत मात्र विलंब महागात पडतो. मार्ग बंद झाल्यावर अमोनिया उतरतो, निळसरपणाही कालांतराने ओसरू शकतो. परंतु फुप्फुसांतील वाढलेला दाब पूर्ववत होईलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच हृदय निर्दोष असूनही मूल निळसर दिसत असेल, तर यकृताच्या रक्तवाहिन्यांची तपासणी लांबणीवर टाकू नये.