भिंत वाळली का?

नव्या प्लास्टरची भिंत हाताला कोरडी लागते, तेव्हाही तिच्या पोटात पाणी असतं. सिमेंट-वाळूच्या १२ ते १५ मिलिमीटर जाडीच्या थरावर गवंड्याने किमान आठवडाभर पाणी मारलेलं असतं आणि मागची वीटही ते प्यायलेली असते. खोलीच्या बाजूने या पाण्याला बाहेर पडायला वाट एकच, भिंतीचा पृष्ठभाग. त्यावर घाईने पुट्टी आणि रंग चढले की ती वाट कोंडते. मग एखाद्या पावसाळ्यानंतर फुगे येतात, पोपडे निघतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. बहुतेक वेळा दोष असतो तो भिंतीला वाळू न दिल्याचा.

ओलीबरोबर आणखी एक गोष्ट वर येते, ती म्हणजे चुना. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो आणि ताज्या प्लास्टरचा सामू १२-१३ पर्यंत असतो. इतकी क्षारता तेलयुक्त रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करते, काही रंगद्रव्यं फिकट पाडते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे या चुन्याचा हळूहळू खडू होतो आणि पृष्ठभागाची क्षारता उतरते. हे काम हवा आणि वेळच करतात. म्हणून पाणी मारणं थांबल्यावर कोरड्या हवेत निदान चार आठवडे भिंती तशाच ठेवाव्यात, खिडक्या उघड्या टाकून. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हा हिशेब चालत नाही. तिथे पाऊस सरण्याची वाट पाहावी.

वाळली की नाही, हे तपासायची युक्ती सोपी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दिवसभर राहू द्या. काढताना आतून दव दिसलं किंवा तेवढी भिंत काळसर झालेली दिसली, तर अजून थांबा. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि बाहेरच्या भिंतीचा खालचा पट्टा इथे ही परीक्षा नक्की घ्या. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो विरघळून आत जातो आणि वाळताना पुन्हा वर येतो. झाडूनही येतच राहिला तर कुठेतरी पाणी मुरतंय, ते आधी शोधायला हवं.

मग भिंत ठोकून पाहा. बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांड्याने ठोकत गेलं की भरीव आणि पोकळ आवाज वेगळे कळतात. पोकळ वाजतं तिथे प्लास्टर मागच्या वीट-काँक्रीटपासून सुटलेलं असतं. तेवढा तुकडा काढून पुन्हा भरणं हाच उपाय, पुट्टीने तो धरून राहत नाही. वायरिंगसाठी मारलेल्या झिऱ्या आणि कॉलम किंवा बीमला वीटकाम भिडतं ती रेघ इथे जास्त लक्ष द्या. काँक्रीट आणि वीट तापमानाने सारखी हलत नाहीत, म्हणून त्या सांध्यावर प्लास्टरखाली जाळी बसवायची असते. ती राहून गेली असेल तर तिथली भेग छिन्नीने थोडी उघडून, धूळ झाडून, भराव घालून त्यावर फायबरची जाळीपट्टी बसवून घ्या.

छताची गोष्ट वेगळी. स्लॅब ओतताना फळ्यांना तेल लावलेलं असतं. तो तेलकटपणा राहिला किंवा छिन्नीने टाचे न मारता प्लास्टर केलं, तर पकड कच्ची राहते. छताचा सुटलेला पोपडा थेट डोक्यावर पडतो, म्हणून तिथे ठोकून पाहण्यात कंजुषी करू नये. अॅल्युमिनियमच्या साच्यात उभ्या राहणाऱ्या नव्या टॉवरांत तर प्लास्टर नसतंच, काँक्रीटवर थेट पुट्टी येते. तिथे साच्याचं तेल घासून काढल्याशिवाय पुट्टीला हात लावू देऊ नका.

आता पुट्टी. इथे अनेकांचा गोंधळ होतो. भिंत वाळू द्या म्हणायचं आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडायचं, हे कसं? पोटातली ओल आणि वरचा ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडं प्लास्टर टीपकागदासारखं पुट्टीतलं पाणी ओढून घेतं. सिमेंटला घट्ट व्हायला ते पाणी हवं असतं. ते न मिळाल्यास पुट्टी कच्ची राहते आणि बोट फिरवलं की पांढरी पावडर हाताला लागते. म्हणून वरवर हलकं पाणी शिंपडायचं, ओघळ येईपर्यंत नाही. किलोभर पुट्टीला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी, गुठळ्या मोडेपर्यंत घोटणं, आणि कालवलेला माल दोन-तीन तासांत संपवणं. घट्ट होत चाललेल्या घमेल्यात पुन्हा पाणी ओतून तो वापरू देऊ नये. लवचीक पोलादी पत्र्याने दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरपर्यंत. भिंतीचे खड्डे पुट्टीने बुजवणारा रंगारी गवंड्याचं काम महागड्या मालात करतो, आणि तो जाड थर पुढे तडकतो.

जिप्सम प्लास्टर असेल तर नियम बदलतात. त्याला पाणी मारायचं नसतं, बहुधा पुट्टीही लागत नाही. पूर्ण वाळलं की धूळ पुसून प्रायमर. ओलसर जिप्समवर सिमेंटची पुट्टी तर मुळीच नको, दोघांचं रसायन जमत नाही आणि थर सुटतो.

घासताना हातातला दिवा भिंतीला लगटून तिरका धरा, समोरून न दिसणारे उंचवटे सावलीने उघडे पडतात. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२०. ही धूळ फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा कामगारांना चांगले मास्क द्या आणि ते लावले आहेत हेही पाहा. घासल्यावर भिंत झाडून पुसायलाच हवी, कारण प्रायमर धुळीला चिकटला तर भिंतीला चिकटत नाही. प्रायमर क्षारतेला टिकणारा घ्या, पाणी डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, आधी छत आणि मग भिंती.

दसरा किंवा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून ताबा आणि रंग एकाच महिन्यात बसवण्याचा आग्रह धरू नका. वास्तुशांतीला रंगवलेल्या भिंती लागत नाहीत. पूजा मुहूर्तावर उरका, फर्निचर थांबवा आणि भिंती वाळल्यावरच रंगाऱ्याला बोलवा.