वजनकाटा अर्धेच सांगतो

अंबड, घनसावंगी, भोकरदनकडची शेती मुलांच्या हाती सोपवून जालना शहरात राहायला आलेल्या ज्येष्ठांची एक तक्रार हमखास कानी येते : "खाणे तर पूर्वीइतकेच आहे, मग पोट का सुटले?" उत्तर या प्रश्नातच दडलेले आहे. जमा पूर्वीइतकीच राहिली. खर्च मात्र घटला.

शरीराच्या दैनंदिन ऊर्जाखर्चाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे 60 टक्के, हृदय, मेंदू, यकृत, श्वसन यांचे काम अखंड चालू ठेवण्यात जातो. सुमारे दहावा हिस्सा अन्नपचनाला लागतो आणि उरलेला हालचालीला. शेत सुटले की हा शेवटचा वाटा आटतो. त्यात वयाची भर पडते. 29 देशांतील 6,400हून अधिक व्यक्तींचा एक अभ्यास 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यास चयापचयाचा वेग विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे 0.7 टक्क्याने मंदावतो, असे त्यात आढळले.

मग ताट निम्मे करावे काय? येथेच घाई नडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा 'बीएमआय' दोघांचाही सारखाच, 22.3 होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात. म्हणून किती किलो घटले, याहून ते कशाचे घटले, हा प्रश्न मोठा आहे. उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. उतारवयात ते पुन्हा भरून येणे कठीण. तोल जातो, पडण्याचा धोका वाढतो आणि ऊर्जाखर्च आणखी घटतो.

त्यापेक्षा संथ मार्ग बरा. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. रोज 250 कॅलरी वाचल्या, तर सुरुवातीला महिन्याला साधारण एक किलो घट होऊ शकते. दिवसाच्या चार कप चहांतील प्रत्येकी दोन चमचे साखर सोडली की 160 कॅलरी वाचतात. आपल्या वाट्याच्या फोडणीतले दोन लहान चमचे तेल कमी केले की आणखी 90. भाकरीला हातही लावावा लागला नाही! आपल्या जिल्ह्याची मोसंबीही रस काढून पिण्याऐवजी फोडी करून खावी. पेलाभर रसाला तीन-चार फळे लागतात. फोडींनी एका फळातच समाधान होते.

प्रथिने मात्र कमी करू नयेत. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनांची आवश्यकता असते. घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, चालत असल्यास अंडे, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जोडीला चालणे आणि भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून दिवसातून काही वेळा उठ-बस करणे, एवढा व्यायाम स्नायूंना जागे ठेवतो.

घरच्यांनी दोन गोष्टींचे भान ठेवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण परस्पर कमी करू नये; रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे 60 किलोंच्या व्यक्तीचे तीन किलोंहून अधिक, तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी.

महिन्यातून एकदा वहीत तीन नोंदी कराव्यात : वजन, कमरेचा घेर, आणि आजोबा हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठतात का. पहिले दोन आकडे हळूहळू उतरत असतील आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर हिशेब बरोबर चालला आहे.