शेवाळ मेले, पाण्याचा हिशेब बाकी आहे

कापडाच्या धंद्याला जोड म्हणून आपल्या व्यापारी बंधूंपैकी काहींनी शहराबाहेर फार्महाऊस बांधले आहे. त्यात पोहण्याचा तलाव असतो आणि शनिवार-रविवारी तो पाहुण्यांना भाड्याने दिला जातो. पावसाळ्यात हा तलाव हिरवा होतो. मग माणूस बोलावतात, क्लोरीनचा मोठा डोस पडतो, दोन-चार दिवसांत हिरवा रंग जातो आणि मालक बिल चुकते करून मोकळा होतो. पंधरवड्यात पाणी पुन्हा हिरवे! दोष औषधाला दिला जातो. वास्तविक शेवाळ मारणे हे अर्धेच काम आहे. पाण्याची मिजान जुळवणे हे उरलेले अर्धे काम असून बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते.

आम्हा कापडवाल्यांना हा विषय परका नाही. ब्लीचिंग आणि रंगाई करणाऱ्यांकडे जो माल लागतो, म्हणजे हायपो, सोडा ॲश, ॲसिड, तोच माल तलावातही लागतो. कापडाला जसा चुकीच्या पाण्याचा डाग बसतो, तसा इथे तो डोळ्यांना, कातडीला आणि पंपाला बसतो.

आधी खात्री, मग दुरुस्ती

हिरवा रंग गेला म्हणजे शेवाळ संपले असे समजू नये. रात्री पंप चालू ठेवून क्लोरीन मोजावे, सकाळी ऊन पडण्यापूर्वी पुन्हा मोजावे. रात्रीतून घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल, तर पाण्यात क्लोरीन खाणारे काही तरी अजून जिवंत आहे. अशा वेळी क्लोरीन चालू ठेवावे. पिवळा रंग दाखवणाऱ्या साध्या थेंबांवर भरवसा ठेवू नये. ते कामाचे आणि वापरून संपलेले, दोन्ही क्लोरीन एकत्र दाखवतात. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी मोकळे क्लोरीन वेगळे दाखवते.

पाणी आरपार स्वच्छ असून हिरवट दिसत असेल, तर ते बहुधा शेवाळ नसून मोरचूदचे तांबे असते. त्यावर आणखी क्लोरीन ओतणे म्हणजे पैसा पाण्यात. उलट तांबे फरशीवर डाग सोडते आणि केसांनाही हिरवी झाक आणते.

मेलेले शेवाळ राखाडी दुधासारखे पाण्यात तरंगते. काही जण ते तुरटीने खाली बसवतात. उपाय चांगला आहे, पण बसलेला गाळ फिल्टरमधून न फिरवता थेट बाहेर काढावा. तलावाचा तळ स्पष्ट दिसेपर्यंत कोणालाही आत उतरवू नये. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावरून दिसत नाही, ही गोष्ट भाड्यापेक्षा मोठी आहे.

क्रम चुकवू नका

पहिली अल्कलिनिटी. हे पाण्याचे भांडवल समजा. ते ८० ते १२० पीपीएम असेल, तर पीएच स्थिर राहतो. कमी असेल तर जरा धक्का बसला की पीएच खाली-वर उड्या मारतो. पावसाचे पाणी ते पातळ करते आणि तुरटी ते खाते. एक भाग तुरटी सुमारे अर्धा भाग अल्कलिनिटी संपवते.

दुसरा पीएच. तो ७.२ ते ७.६ ठेवावा. साडेसातला क्लोरीनचा साधारण निम्मा हिस्सा जोरदार रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव आणि साडेआठला दहावा. म्हणजे पीएच बिघडलेल्या तलावात विकत घेतलेले बरेचसे क्लोरीन नुसते बसून राहते. मात्र क्लोरीन १० पीपीएमच्या वर असताना पीएचची लाल रंगाची चाचणी खोटा आकडा दाखवते. म्हणून क्लोरीन उतरू द्यावे, मग पीएचला हात लावावा.

तिसरा कठीणपणा. तो २०० ते ४०० च्या दरम्यान बरा. ब्लीचिंग पावडरने तो वाढतो आणि नळ्यांत खार धरतो. फार हलके पाणी सिमेंटमधला चुना खाते.

सर्वांत शेवटी रोजचे क्लोरीन, १ ते ३ पीपीएम.

एका तलावाचा हिशेब

३५ फूट लांब, १६ फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल तलाव घेऊ. २५२० घनफूट, प्रत्येकी २८.३ लिटर, म्हणजे सुमारे ७० हजार लिटर पाणी.

अल्कलिनिटी ५० निघाली आणि ८० करायची असेल, तर साडेतीन किलो खाण्याचा सोडा लागेल. निम्मा आज, पंप फिरवून मोजावे, उरलेला उद्या. पीएचही खाली असेल, तर सोडा ॲश घ्यावी. ती पीएच जोरात चढवते, म्हणून थोडी थोडी. पीएच वर असेल, तर ॲसिड अर्ध्या लिटरपासून सुरू करावे आणि काही तासांनी मोजूनच पुढे जावे. दहा टक्क्यांचा ताजा हायपो एक लिटर टाकल्यास क्लोरीन सुमारे १.४ पीपीएम चढते. उन्हात पडून राहिलेल्या कॅनची ताकद उतरलेली असते. म्हणून जुना माल स्वस्त मिळाला तरी महाग पडतो.

टिकियांचा छुपा खर्च

ट्रायक्लोरच्या टिकिया सोयीच्या असतात, पण त्यांच्याबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात येते. ते ३० ते ५० पीपीएम असेल, तर उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते. जास्त झाले की क्लोरीनलाच बांधून टाकते. वरच्या तलावात एक किलो टिकियांनी ते सुमारे ८ पीपीएम वाढते. आठवड्याला एक किलो धरला, तर तीन महिन्यांत शंभरी गाठली जाते. मग ३ पीपीएम क्लोरीन असूनही शेवाळ येते. क्लोरीन उडून जाते, हे मात्र उडत नाही. काही पाणी काढून नवे भरणे हाच उपाय. भर पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतल्या पाण्याचा दाब रिकामी टाकी वर उचलू शकतो.

एहतियात

हायपो आणि ॲसिड कधीही एकत्र होऊ देऊ नये; विषारी वायू निघतो. टिकिया आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात ठेवल्यास आग लागू शकते. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. आणखी एक घोटाळा नावाचा आहे. बाजारात सोडियम हायपोक्लोराइटलाही हायपो म्हणतात आणि थायोसल्फेटलाही. पहिले क्लोरीन देते, दुसरे क्लोरीन मारते. कॅनवरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये.

शेवटी एकच सूचना. तलाव सांभाळणाऱ्याकडे एक वही द्या. मोकळे क्लोरीन आणि पीएच रोज, अल्कलिनिटी आठवड्याला, कठीणपणा आणि सायन्युरिक ॲसिड महिन्याला. दुकानात रोकड मोजल्याशिवाय आपण रात्री कुलूप लावत नाही. तलावाचे बिलही हे पाच आकडे पाहिल्याशिवाय चुकते करू नये.