बिडी आबांची, खोकला नातवाचा

दिवाळी झाली की आपल्याकडे थंडी पडायला लागते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात रात्री चांगलीच हुडहुडी भरते. मग दारं-खिडक्या लावून सगळं घर सोप्यात नाहीतर चुलीपाशी गोळा होतं. आणि त्याच दिवसांत वस्तीवस्तीवर लहान पोरांच्या खोकल्याचा आवाज वाढतो. आपण म्हणतो, "थंडीच आहे, व्हायचंच." पण सगळा दोष थंडीचाच असतो का? आज आम्ही याच गोष्टीवर बोलणार आहोत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी आम्ही हप्ता गोळा करायला गेलो होतो. तिचं पोर आठ महिन्यांचं. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दवाखान्यात नेऊन आणलेलं. औषध दिलं की चार दिवस बरं, पुन्हा छाती घरघरायची. आम्ही बसलो होतो तेव्हा पोर आजोबांच्या मांडीवर होतं. आबांचा नातवावर भारी जीव. एका हाताने त्याला थोपटत होते आणि दुसऱ्या हातात बिडी. धूर पोराच्या डोक्यावरून जात होता. आमची मैत्रीण आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. बोललं कुणीच नाही. सासऱ्यांना कसं सांगायचं?

आबांचं पोरावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना माहीतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा अर्धंच माहीत होतं. म्हणून आम्ही विचारलं, वाचलं, आरोग्य केंद्रात जाऊन समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

बिडी ओढणारा माणूस झुरका घेतो आणि सोडतो, तो धूर एक. पण दोन झुरक्यांच्या मध्ये बिडी नुसती हातात जळत असते, तिच्या टोकातून निघणारा धूर दुसरा. घरात पसरणारा बराचसा धूर हा दुसराच असतो आणि तो जास्त घाण असतो. कारण झुरका घेताना टोक लाल होऊन जोरात जळतं, नुसतं धुमसताना मात्र अर्धवट जळतं. ओलं सरपण धुमसलं की किती बोचरा धूर होतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तंबाखूच्या धुरात ७ हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोग करणारी आहेत. ओढणारा ती जाणूनबुजून घेतो. शेजारी बसलेलं पोर मात्र न मागता घेतं.

आता पोराची छाती कशी असते ते बघू. आपल्या फुफ्फुसात बारीक बारीक हवेचे फुगे असतात. हवेतला प्राणवायू रक्तात जातो तो याच फुग्यांतून. मोठ्या माणसात असे ३० कोटींहून जास्त फुगे असतात. पण बाळ जन्मतं तेव्हा त्यातले थोडेच तयार असतात. बाकीचे जन्मानंतर वाढतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत तर फार झपाट्याने. म्हणजे बाळाचं फुफ्फुस हे अजून बांधकाम चालू असलेलं घर आहे. बांधकाम चालू असतानाच भिंतीत ओल मुरली तर ते घर पुढे किती टिकणार?

दुसरी गोष्ट, मोठं माणूस निवांत असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतं. तान्हं बाळ ४०च्या आसपास घेतं. वजनाच्या मानाने बघितलं तर त्याच खोलीत, त्याच वेळात, बाळाच्या वाट्याला आपल्यापेक्षा जास्त धूर येतो. शिवाय त्याच्या श्वासाच्या नळ्या अरुंद. आपल्या नळीला थोडी सूज आली तर आपण खाकरतो. बाळाच्या नळीला तेवढीच सूज आली तर त्याला धाप लागते. श्वासनळीच्या आत बारीक लव असते, ती केरसुणीसारखी धूळ आणि जंतू बाहेर लोटत असते. धुराने ती लव थंडावते. मग केर आतच साचतो आणि जंतूंना आयती जागा मिळते.

याचा परिणाम काय होतो? वारंवार सर्दी-खोकला, छातीची घरघर, न्यूमोनिया, दमा. कान फुटणं, म्हणजे कानातून पू येणं, हेही धुराच्या घरातल्या मुलांत जास्त दिसतं. गरोदर बाईच्या शेजारी कुणी रोज ओढत असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणजे पोर पोटात असल्यापासून त्याला हा धूर लागतो.

हे कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही. १९७४ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की आईबाप ओढत असले तर पहिल्या वर्षात बाळाला न्यूमोनिया आणि छातीचे आजार जास्त होतात. १९८१ साली जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी दाखवलं की स्वतः कधी न ओढणाऱ्या, पण नवरा ओढणारा असलेल्या बायकांना फुफ्फुसाचा कर्करोग जास्त होतो. आणि एक आशेची गोष्टही ऐका. स्कॉटलंडमध्ये २००६ साली सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी आली. त्याआधी दम्याने दवाखान्यात भरती होणारी मुलं दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती दरवर्षी सुमारे १८ टक्क्यांनी कमी होऊ लागली. म्हणजे धूर थांबला की पोरांना फरक पडतो, आणि लवकर पडतो.

आता आपल्या घरात काय काय बोललं जातं ते बघू.

"मी दारात उभा राहून ओढतो." दारातला धूर वाऱ्याबरोबर आतच येतो. खिडकी उघडली, पंखा लावला तरी तो पुरता जात नाही. वास गेला म्हणजे धूर गेला असंही नाही. बराचसा धूर डोळ्यांना दिसतच नाही.

"पोर झोपलं होतं, तेव्हा ओढली." धुराचा अंश वाकळेला, टॉवेलला, भिंतीला, ओढणाऱ्याच्या बोटांना आणि मिशांना चिकटून राहतो. उठल्यावर पोर त्याच वाकळेवर रांगतं, तेच बोट तोंडात घालतं.

"आमची पोरं धुरातच वाढली, काय झालं त्यांना?" जी वाढली ती आपल्यासमोर आहेत. पण कुणाचं पोर पावसाळ्यात गेलं, कुणाला चढ चढताना धाप लागते, त्याचा हिशोब आपण कधी धुराशी जोडलाच नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, बरं झालं, पुरुषांना सांगायला पाहिजेच होतं. पण मैत्रिणींनो, आता थोडं आपल्याकडेही बघू. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की महाराष्ट्रात १०० मोठ्या माणसांत ओढणारे सुमारे ४ आहेत, आणि तंबाखू खाणारे, चोळणारे, लावणारे सुमारे २४. या २४ मध्ये मिसरीवाल्या आपण बायकाही आलो. मिसरी लावण्याचा धूर होत नाही, हे खरं. पण मिसरी भाजताना? तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजतो तेव्हा सगळ्या घराला ठसका लागतो. तो तंबाखूचाच धूर आहे, आणि तो काढणारे हात आपले आहेत. कडेवर पोर घेऊन मिसरी भाजणारी बाई आम्ही पाहिली आहे. आमच्यातल्या काही जणींनी ते केलंही आहे.

चुलीचंही तसंच. शेणी, पाचट, ओल्या काटक्या यांचा धूर पोरांच्या छातीला तंबाखूच्या धुराइतकाच वैरी आहे. ऊसतोडीला आलेल्या बहिणींच्या कोपीत तर चूल, बिडी आणि तान्हं पोर एकाच पालाखाली असतात. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेतून अनेकींकडे गॅस आला, पण टाकी भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. हे आम्हाला कळतं. म्हणून आम्ही चूल बंद करा असं म्हणणार नाही. सरपण वाळवून घ्या, चूल उघड्यावर किंवा धुराडं असलेल्या जागी ठेवा, गॅस थोडाच असेल तर निदान तान्ह्या बाळाच्या घरात तो आधी वापरा, आणि चूल पेटली असताना पोराला दुसऱ्या कुणाकडे द्या. डासांसाठी कॉइल लावत असाल तर हेही ऐका. २००३ साली संशोधकांनी मोजलं, तेव्हा एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींइतकी भरली. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

हे सगळं स्वतः केलं की मग घरातल्या पुरुषांशी बोलायला तोंड राहतं. नाहीतर पहिलाच सवाल येतो, "आधी तुझी मिसरी सोड."

मग आमच्या त्या मैत्रिणीच्या घरी काय झालं? सुनेने सासऱ्यांना सांगणं अवघडच होतं. म्हणून आम्ही तिच्या सासूबाईंना गटाच्या बैठकीत बोलावलं. त्या बैठकीत आशाताईंनी हेच सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला दोष दिला नाही. सासूबाई घरी गेल्या आणि आबांना म्हणाल्या, "तुमच्या बिडीचं मला काही म्हणायचं नाही. पण नातू मांडीवर असताना नको." आबा दोन दिवस घुश्श्यात होते. तिसऱ्या दिवसापासून बिडी घेऊन बांधावरच्या चिंचेखाली जायला लागले. परत आले की हात-तोंड धुवायचे, खांद्यावरचा टॉवेल बदलायचे आणि मगच पोराला घ्यायचे. बिडी सुटली नाही. पूर्वी दिवसाला बंडल लागायचं, आता चिंचेपर्यंत चालायचा कंटाळा म्हणून थोडी कमी झाली एवढंच. पोराची छाती मात्र तो हिवाळा पुन्हा भरली नाही. औषधामुळे असेल, धूर थांबल्यामुळे असेल, दोन्हींमुळे असेल. आम्हाला आनंद झाला हे खरं.

यातून आम्ही एक शिकलो. "सोडा" म्हणून भांडण काढण्यापेक्षा "पोराजवळ नको, घरात नको" एवढी एक रेघ आधी ओढावी. ज्याचा शब्द ऐकला जातो त्याच्या तोंडून ती सांगावी. कुठे सासू, कुठे लेक, कुठे शाळेत जाणारी नात. आणि ज्याला खरंच सोडायची आहे त्याच्यासाठी तंबाखूच्या पाकिटावर छापलेला सरकारी क्रमांक आहे, १८००-११-२३५६. त्यावर फुकट सल्ला मिळतो. २ ऑक्टोबर २००८ पासून एसटी स्टँड, दवाखाना, हॉटेल अशा सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. पण कायदा आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तिथे आपल्यालाच बोलावं लागतं.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पोराला खोकला आहे, तर तो साधा की न्यूमोनिया, हे घरी कसं ओळखायचं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना, दाईंनाही श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधं यंत्र केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्यामुळे मुलांचे मृत्यू कमी झाले, आणि ते काम १९९० साली जगभरच्या डॉक्टरांपुढे आलं. जे त्यांना जमलं ते आपल्यालाही जमेल.

पोर शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, झबलं वर करा. पोट वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. बाळ २ महिन्यांच्या आतलं असेल आणि श्वास ६० किंवा जास्त असतील, २ महिने ते १ वर्षाचं असेल आणि ५० किंवा जास्त असतील, १ ते ५ वर्षांचं असेल आणि ४० किंवा जास्त असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, झटके येत असतील, ओठ निळे पडले असतील किंवा ते उठवूनही उठत नसेल, तर एक क्षणही थांबू नका. १०८ला फोन करा. पोट उडतंय म्हणून बिब्ब्याने डागत बसू नका, त्यात मोलाचा वेळ जातो. आणि दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वेळी न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती चुकवू नका.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या गटात पाच वर्षांच्या आतली पोरं किती घरांत आहेत, आणि त्यातल्या किती घरांत बिडी, मिसरी भाजणं, चूल किंवा कॉइल यांचा धूर आहे, ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. मग एकेका घराबद्दल ठरवा, इथे कुणाचा शब्द चालेल. आणि सगळ्यांनी मिळून एकदा श्वास मोजून बघा. घड्याळ प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आहेच.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या वेळी. तोवर पोरांना जपा, स्वतःलाही जपा.