उपजीविका, आमिष आणि सुवार्ता : मिशनच्या उद्योगांचे एक वाचन

बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावर मेयो हॉलजवळ फर्डिनंड किटेल यांचा पुतळा आहे. कन्नड-इंग्रजी शब्दकोशाच्या (१८९४) कर्त्याला कन्नड समाजाने दिलेला हा मान सर्वस्वी उचित होय. परंतु ज्या बासेल मिशनने किटेल यांना १८५३ मध्ये हिंदुस्थानात पाठविले, ते मिशन कोशांइतकेच कौलांसाठी आणि कापडासाठीही प्रसिद्ध होते. ही दुसरी बाजू साहित्याच्या अभ्यासात सहसा तळटीपेपुरती उरते. व्यवसाय हेच धर्मकार्याचे रूप मानणाऱ्या विचाराचे भाषिक पडसाद तपासावयाचे, तर मात्र ही तळटीपच मुख्य मजकुरात आणणे भाग पडते.

हा विचार आज नव्या नावाने वावरतो. २००४ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे भरलेल्या लोझान चळवळीच्या परिषदेत 'मिशन म्हणून व्यवसाय' या विषयावर स्वतंत्र गट बसला, आणि तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. तिचे समर्थक राहुट्या शिवून पोट भरणाऱ्या प्रेषित पौलाचा दाखला देतात. दाखला जुना आहे, पण पुरता लागू नाही. पौल राहुट्या करीत होता तो कोणावर भार पडू नये म्हणून. आपल्या श्रोत्यांना तो कामावर ठेवीत नव्हता. एकोणिसाव्या शतकातील मिशनांनी नेमके हेच केले, आणि खरा पेच तेथेच सुरू होतो.

बासेल मिशनचे पहिले प्रचारक १८३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि मंगळूर हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. बाप्तिस्मा घेणाऱ्याची जात सुटे, जातीबरोबर धंदा सुटे, आणि कुळाने कसलेली जमीनही अनेकदा हातची जाई. ताडी काढणाऱ्या बिल्लवांचा परंपरागत व्यवसाय तर मिशनलाच मान्य नव्हता. म्हणजे नव्या धर्माने माणसाला समाजाबाहेर आणले आणि त्याच्या पोटाचा प्रश्न आपल्या दारात उभा केला. शेती, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे प्रयोग झाले. त्यांतले फारसे टिकले नाहीत. टिकले ते दोन धंदे. १८५१ मध्ये योहान हालर आले आणि सुधारित मागांवर विणकाम सुरू झाले. १८६५ मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना उभारला. (खाकी रंगाचा शोध हालर यांच्या कारखान्यातच लागला, असे मंगळुरात अभिमानाने सांगतात, सरहद्दीवरील गाइड्स पलटणीच्या अंगावर तो रंग त्यापूर्वीच चढला होता.)

'मंगलोरी कौले' हा शब्द कोकणात आणि देशावर घरोघर पोहोचला. नळीच्या कौलांना मागे सारणारी ही सपाट, खाचेची, एकमेकांत अडकणारी कौले बंगळूरच्या बंगल्यांवरही चढली. मराठीत हा शब्द आला तो गावाचे नाव घेऊन. मिशनची स्मृती मात्र त्याने वाटेतच टाकली. देवाला लावतात तो कौल आणि छपरावरचे कौल यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, पण या कारखान्यांत कामाचा दिवस प्रार्थनेने सुरू होई हे ध्यानात घेता त्या योगायोगाचे हसू येते.

येथे एका संस्थात्मक तपशिलाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. १८५९ मध्ये बासेल येथे स्वतंत्र व्यापारी कंपनी स्थापन झाली. भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा होती आणि वरचा नफा धर्मकार्याकडे वळे. हिशेबाच्या वह्या अशा रीतीने वेगळ्या झाल्या. कामगाराच्या बाजूने पाहता ही विभागणी तितकी स्पष्ट राहत नाही. मजुरी देणारा, उपदेश करणारा आणि मंडळीतून बहिष्कृत करण्याचा अधिकार असणारा हे सर्व एकाच वर्तुळातले होते. मिशनच्या अहवालांत ज्याला 'उपजीविका' म्हटले आहे, त्यालाच बाहेरचा समाज 'पोटासाठी बाटणे' म्हणत असे. कर्नाटकच्या २०२२ च्या धर्मांतरविषयक कायद्याने हीच दुसरी दृष्टी विधिभाषेत आणली: 'आमिषा'च्या व्याख्येत त्याने नोकरीचा समावेश केला. (हा कायदा रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला.) वस्तू एकच, नावे तीन, आणि तिन्ही नावांत ती नोकरी करणाऱ्याचा स्वतःचा शब्द कोठेही नाही. अहवाल मिशनचे, उपहास समाजाचा, व्याख्या शासनाची. जाती गमावून मागावर बसलेल्या माणसाला आपला निर्णय मोकळा वाटत होता की नाही, हे या तिन्हींपैकी एकाही शब्दावरून ठरविता येत नाही. अभ्यासकांनी तसे ठरवूही नये.

मिशनचे वाङ्मय कौलांच्या नफ्यावर उभे राहिले, असे सरळ समीकरणही मांडता येणार नाही. हेर्मान म्योग्लिंग यांची 'बिब्लिओथेका कर्नाटिका' ही ग्रंथमाला कारखान्याच्या आधीची (१८४८-५३), आणि तिचा खर्च एका निवृत्त न्यायाधीशाने उचलला होता. व्यवसाय आणि वाङ्मय यांचे अधिक घट्ट नाते पाहावयाचे, तर ते छापखान्यात पाहावे. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी फोर्ट विल्यम महाविद्यालयातील आपले वेतन सामायिक निधीत घातले. तेथेच अक्षरांचे ओतकाम झाले आणि १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने आणखी निराळेच फळ दिले. त्या छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली त्याच छापखान्यात शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला, आणि संस्कृत काव्यशास्त्राचे ग्रंथ त्या सुबक टंकांत देशभर गेले. शिष्याने हुन्नर घेतला, पंथ घेतला नाही. धंदा शिकविणाऱ्याला हे टाळता येत नाही, कारण हात एकदा तयार झाला की तो कोणाचे पान जुळवील यावर गुरूचा ताबा राहत नाही.

याच्या उलट टोकाला केडगावचे मुक्ती मिशन आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी विधवा आणि दुष्काळपीडित स्त्रियांना विणकामाबरोबर छपाईचे कामही शिकविले. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे याच स्त्रियांनी जुळविले; रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाला. येथे मजुरी, शिक्षण, आश्रय आणि श्रद्धा यांत रेघ ओढणे मंगळूरपेक्षाही कठीण. तरी एक फरक दुर्लक्षिता येत नाही. मंगळूरचा कामगार जे घडवी ते छपरावर जाई. केडगावची स्त्री जे जुळवी ते तिला वाचताही येई.

पहिल्या महायुद्धाने मंगळूरचा प्रयोग संपविला. मिशनमधील जर्मन मंडळींना स्थानबद्ध करण्यात वा परत पाठविण्यात आले आणि उद्योग ब्रिटिश शासनाने ताब्यात घेतले. १९१९ मध्ये ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. भट्ट्या विझल्या नाहीत. कौले पडत राहिली, माग चालत राहिले, आणि ज्यांच्यासाठी हा सारा व्याप मांडला गेला होता ती कुटुंबे, आता उपदेशक नसलेल्या मालकाकडे, पूर्वीप्रमाणेच कामावर जात राहिली.