घरी बांधलेली विमानं – भाग 9 : रोटरी सुरू करताना

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे काही हौशी लोक लायकमिंगसारखं विमानाचं इंजिन न घेता माझदाच्या मोटारीतलं 13बी हे दोन रोटरचं वँकेल इंजिन बसवतात. त्याची रचना मागे पाहिली. आज ते सुरू कसं करायचं ते पाहू.

या इंजिनाला जादा पेट्रोल अजिबात खपत नाही. जुनी स्कूटर ‘ओव्हर’ झाली की जरा कलती करून, दम खाऊन पुन्हा किक मारली की भागायचं. इथे तेवढ्यावर भागत नाही. पिस्टनच्या रिंगांचं काम रोटरच्या तीन टोकांवरचे एपेक्स सील करतात. इंजिन वेगात असलं की वायूचा दाब आणि फिरण्याचा जोर त्यांना भिंतीशी घट्ट धरतो. स्टार्टरच्या वेळी मात्र स्प्रिंग आणि तेलाचा पातळ थर एवढाच आधार असतो. शिवाय शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटर एकदाच फिरतो, म्हणजे शाफ्टला मिनिटाला 250 फेरे मिळाले तरी रोटरचे जेमतेम 83. जादा पेट्रोल तो तेलाचा थर धुऊन नेतं, कॉम्प्रेशन पडतं, प्लग भिजतात. वैमानिक चिडून पुन्हा स्टार्टर मारतो आणि आणखी पेट्रोल आत जातं.

म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली हवी. पंप, इंजेक्टर, इग्निशन सगळं विजेवरच चालतं आणि स्टार्टर मंद फिरला की निम्मी बाजी तिथेच हरली. आधी पंप लावून रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब येऊ द्यायचा. इंजिन गरम असेल तर पंप जरा जास्त वेळ चालवावा, म्हणजे रेलमध्ये झालेली वाफ परतीच्या नळीतून टाकीत जाते. थ्रॉटल किंचित उघडा. थंडीत किती पेट्रोल वाढवायचं हे इंजेक्टरचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर इंजिनातल्या पाण्याच्या तापमानावरून ठरवतो; आपण हौसेने प्रायमर मारू नये.

तरीही ओव्हर झालंच, तर इंजेक्टर बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारायचा. आत भरपूर हवा जाऊन पेट्रोल बाहेर पडतं. मोटारीत हे निर्धास्त करता येतं. विमानात क्लच नसतो, प्रोपेलर गिअरबॉक्समधून थेट शाफ्टला जोडलेला. उघड्या थ्रॉटलवर इंजिन अचानक सुरू झालं तर विमान पुढे झेप घेईल. तेव्हा चाकांना अडणी, ब्रेकवर पाय, एक हात थ्रॉटलवर, आणि प्रोपेलरजवळ कोणी नाही याची स्वतः खात्री. इंजिन खोकलं की आधी थ्रॉटल मागे, मगच इंजेक्टर चालू. यासाठी लागणारा इंजेक्टरचा वेगळा स्विच न ठेवता विमान बांधणाऱ्याने तेवढा खर्च कशासाठी वाचवावा, हे मला समजत नाही.

एवढं करूनही कॉम्प्रेशन येत नसेल तर खालचे, म्हणजे लीडिंग प्लग काढून प्रत्येक रोटरच्या कप्प्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडतात, हाताने दोनचार फेरे देतात आणि कोरडे प्लग लावतात. मग धूर बराच होतो, घाबरू नये.

बंद करण्याची रीतही याच कारणासाठी सांभाळावी. आधी इंजेक्टर, इंजिन आपोआप थांबल्यावर इग्निशन. आतले कप्पे कोरडे राहतात. आणि केवळ हँगरबाहेर काढायला थंड इंजिन मिनिटभर चालवून बंद करू नका. विमान हाताने ढकला.