छोटी वसुली आणि वकील : कोठे हवा, कोठे नको

आम्हा कापडवाल्यांना उधारी नवी नाही. वीस-पंचवीस हजारांची बाकी अडकली की काही जण वकिलाच्या फीच्या धास्तीने हक्कच सोडून देतात, तर काही पहिल्याच दिवशी वकीलपत्रावर सही करून मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसानच. वकील कोणत्या टप्प्यावर लागतो, हे आधी पाहावे.

आपला दावा स्वतः चालवण्यास पक्षकाराला मोकळीक आहे. वकील सक्तीचा नाही. गिऱ्हाईकाने ग्राहक आयोगात तक्रार केली तर दुकानदाराने बिल-पावती घेऊन स्वतः हजर राहावे. मात्र लेखी उत्तर नोटीस व तक्रारीची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावे लागते. फार तर आणखी १५ दिवस मिळतात.

लोकअदालतीतही वकिलावाचून अडत नाही. चालू दावा तेथे मिटला तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ येते. पण त्यावर अपील नाही. म्हणून रक्कम, हप्ते व तारखा नीट वाचूनच सही करावी.

माल बनवणाऱ्या कारागिरांसाठी २००६ च्या कायद्याने फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. उद्यम नोंदणी वेळेत केलेली असावी. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. कौन्सिल आधी समझोत्याचा प्रयत्न करते. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या सवलतीपुरती आहे.

आता वकील हवाच अशा जागा. चेक परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात. त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. येथे तारीख हुकली की प्रकरण अडचणीत येते. साध्या उधारीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली तर मुदत नव्याने सुरू होते. भाऊ-भाऊ भागीदारीत असतील आणि फर्म रजिस्टर नसेल, तर फर्मच्या नावाने उधारीचा दावा टिकत नाही. या बाबी दावा लावण्याआधी वकिलाला दाखवाव्यात. तेवढ्या सल्ल्याची फी पूर्ण खटल्याच्या फीपेक्षा पुष्कळ कमी पडते.

कारागीर भगिनींनी ध्यानात ठेवावे, की उत्पन्न कितीही असो, स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.

वकिलाकडे जाताना बिल, माल पोचल्याच्या सहीचे चलन आणि खातेउतारा बरोबर न्यावा. फी किती, ती कशाकशाची, हे त्याच बैठकीत कागदावर लिहून घ्यावे.